आच विजेची, धूर कुणाचा?

प्रश्न : काशीमिऱ्याच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या ॲनिल करण्याचा, म्हणजे तापवून मऊ करण्याचा, छोटा गाळा आहे. भट्टीला लागणाऱ्या वायूसाठी आम्ही अमोनिया क्रॅकर वापरतो. सिलिंडरमधला अमोनिया त्यात सोडतो, आत निकेलचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) विजेच्या कॉइलने तापलेला असतो, आणि बाहेर हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण मिळतं. परदेशात विजेने तापवलेल्या कॅटॅलिस्टवर नैसर्गिक वायूपासून ‘कमी कार्बनचा’ हायड्रोजन करतात, असं परवा वाचलं. मग आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय त्याहून हे वेगळं काय? आणि वीजच कोळशाची असेल, तर कार्बन कमी झाला असं कसं म्हणायचं?
— एक वाचक, काशीगाव, मिरा रोड (पूर्व)

उत्तर : तुमच्या गाळ्यातलं यंत्र आणि बातमीतलं यंत्र एकाच जातीचं आहे. दोन्हीकडे निकेल आहे, वीज आहे, आणि दोन्हीकडची रासायनिक क्रिया उष्णता खाणारी आहे. बाहेरून आच मिळत राहिली तरच ती पुढे सरकते. फरक दोन ठिकाणी पडतो. आत काय घालतो, हा एक. आच नेमकी कुठे तयार होते, हा दुसरा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आकडेमोड केल्याशिवाय देता येणार नाही, आणि ती मी इथे पूर्ण करणार आहे. कारण या विषयावरच्या बहुतेक बातम्या नेमक्या त्या आकडेमोडीच्या अलीकडे थांबतात.

आधी तुमचा क्रॅकर घेऊ. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं बंद भांडं, म्हणजे रिटॉर्ट, त्यात भरलेला निकेलचा कॅटॅलिस्ट आणि रिटॉर्टभोवती हीटिंग कॉइल. साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सियसला अमोनिया फुटतो आणि तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन असा वायू मिळतो. पट्टी भट्टीतून काळी न पडता चकचकीत बाहेर येते ती याच वायूमुळे. अमोनियात कार्बनचा अणूच नाही, त्यामुळे क्रॅकरमधून कार्बन डायऑक्साइड निघायचा प्रश्न येत नाही. पण तो अमोनिया ज्या हायड्रोजनपासून बनला, तो कुठून आला? आपल्या देशात बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. १ किलो हायड्रोजन हाती लागायला सुमारे ५.७ किलो अमोनिया फोडावा लागतो, आणि वायूपासून १ किलो अमोनिया बनताना पावणेदोन-दोन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे तुमच्या भट्टीत शिरणाऱ्या प्रत्येक किलो हायड्रोजनमागे १० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच दुसरीकडे तयार होऊन गेलेला असतो. गाळ्यात धूर दिसत नाही, एवढंच.

ही ‘दुसरीकडची’ जागा कशी असते ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा, अमोनिया-युरियाचा मोठा कारखाना आहे. ‘उज्ज्वला’ या नावाची युरियाची गोणी आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे, ती आरसीएफची. समुद्रातल्या मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर हा कारखाना उभा राहिला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. मूळ रचनेत अमोनियाचे दोन संच होते, प्रत्येकी रोज १,३५० टनांचे, आणि त्यांचं तंत्रज्ञान डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीचं होतं. हे नाव लक्षात ठेवा, कारण तुम्ही वाचलेल्या बातमीचा धागा तिथेच जातो.

अशा कारखान्याचं हृदय म्हणजे रिफॉर्मर. मोठ्या इमारतीएवढी भट्टी, तिच्यात ओळीने टांगलेल्या शेकडो उभ्या नळ्या. प्रत्येक नळी दहा-बारा मीटर लांब, चार-पाच इंच रुंद, आणि आत निकेल चढवलेल्या, भोकं पाडलेल्या चिनीमातीसारख्या गोळ्या गच्च भरलेल्या. वरून मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, आणि वाफ सोडतात. बाहेरून बर्नरच्या ज्वाळा नळ्यांना तापवतात. आत मिथेन आणि पाणी यांची क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. पुढच्या भांड्यात कार्बन मोनॉक्साइड आणखी वाफेशी मिळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि थोडा अधिक हायड्रोजन सुटतो. भट्टीच्या भिंतीत छोटी झरोक्यांसारखी दारं असतात. ऑपरेटर दर पाळीत ती उघडून आत डोकावतो, पायरोमीटर रोखून नळीच्या कातडीचं तापमान घेतो आणि कुठली नळी जास्त लाल दिसते ते पाहतो. या नळ्या साधारण १ लाख तास टिकाव्यात अशा हिशेबाने केलेल्या असतात, पण तापमान ठरल्यापेक्षा वीसेक अंशांनी चढलेलं राहिलं तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून ती नजर फार महत्त्वाची.

आता या रचनेतली अडचण पाहा. आच बाहेर, काम आत. उष्णता जाड भिंतीतून जाते, मग वायूतून, मग गोळीपर्यंत पोचते, आणि तिथे क्रिया ती इतक्या झपाट्याने खाते की गोळीचा गाभा जवळजवळ रिकामाच बसतो. क्रिया होते ती गोळीच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरात. बाकीचं निकेल फक्त जागा अडवतं. कारखान्यातल्या रिफॉर्मरचा आकार कॅटॅलिस्टच्या कुवतीवरून ठरतच नाही. भिंतीतून किती उष्णता आत ढकलता येते त्यावरून ठरतो. एवढ्या नळ्या, एवढी उंची, एवढी भट्टी, हे सगळं त्या भिंतीपायी.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि टॉप्सो कंपनीतल्या संशोधकांनी काही जोडीदार संस्थांबरोबर याच भिंतीवर उपाय शोधला. मे २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यांनी लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची अर्धा मीटर लांबीची बारीक नळी घेतली. हा मिश्रधातू तुम्हाला अनोळखी नाही. भट्टीच्या कॉइलसाठी बाजारात ‘कँथल’ म्हणून जी तार मिळते ती याच घराण्यातली. स्वीडनमध्ये १९३० च्या आसपास हान्स फॉन कांट्झोव यांनी ती बाजारात आणली. ती तापली की तिच्या अंगावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची घट्ट साय धरते आणि ती तारेला जळू देत नाही. डॅनिश संशोधकांनी त्या नळीच्या आतल्या अंगाला कॅटॅलिस्टचा मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका पातळ थर चढवला आणि नळीच्या दोन टोकांना वीज जोडली. नळी स्वतःच कॉइल झाली. आच आणि काम एकाच ठिकाणी आलं. चुलीवर हंडा ठेवून पाणी तापवणं आणि बादलीत हीटरचा रॉड बुडवणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. तुमच्या क्रॅकरमध्ये कॉइल रिटॉर्टच्या बाहेर आहे, म्हणजे वीज असूनही उष्णतेला भिंत ओलांडावीच लागते. नव्या रचनेत ती भिंतच तापते आणि तिलाच कॅटॅलिस्ट चिकटलेला आहे. त्यामुळे तेवढ्याच हायड्रोजनसाठी रिफॉर्मरचा आकार सुमारे शंभरपट लहान होऊ शकेल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. शिवाय एवढा लहान, हलका संच लवकर तापतो. मोठी भट्टी थंड अवस्थेतून कामाला लावायची तर दिवस जातो, कधी त्याहून जास्त.

अडचणी नाहीत असं नाही. निकेलला गंधक अजिबात सोसत नाही. तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात महानगर गॅसच्या नळाने जो वायू येतो त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो वास मर्कॅप्टनचा, म्हणजे गंधकाच्या संयुगाचा. तेवढासा अंशही निकेलची धार घालवतो. म्हणून रिफॉर्मरच्या आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून वायू गाळावा लागतो. भट्टीच्या नळीतली गोळी निकामी झाली तर ओतून काढता येते, नवी भरता येते. इथे थर नळीलाच चिकटलेला. तो उडाला की काय बदलायचं, हा प्रश्न कारखाना चालवणाऱ्याला सतावणारच. तापमान चुकलं की निकेलवर काजळी धरते, तो धोका दोन्हीकडे आहे.

आता आकडेमोड. यातले आकडे पूर्णांकाजवळचे आहेत, पण दिशा बदलेल इतके सैल नाहीत.

मिथेनपासून १ किलो हायड्रोजन करायचा तर रसायनशास्त्राच्या नियमानेच २ किलो मिथेन लागतो आणि त्यातून ५.५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. यात काटकसर शक्य नाही. मिथेनमधला कार्बन कुठेतरी जाणारच. आज चालू असलेल्या कारखान्यांत मात्र एकूण ९ ते १० किलो निघतो. मधला फरक, सुमारे ४ किलो, हा ज्वाळेचा: नळ्या तापवायला आणि वाफ करायला जो वायू जाळतात त्याचा. विजेची आच दिली की हे ४ किलो वाचतात, ५.५ किलो तसेच राहतात. ‘कमी कार्बनचा’ या शब्दांचा अर्थ एवढाच, आणि तोही वीज स्वच्छ असेल तरच.

ती वीज कुठली, हेच तुम्ही विचारलंत. मिरा-भाईंदरला अदानी इलेक्ट्रिसिटीची वीज येते. तिच्यात डहाणूच्या कोळशावरच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राचा वाटा आहे, आणि राजस्थानातल्या सौर-पवन प्रकल्पांचाही. देशभराचा विचार केला तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड पडतो, आपण ०.७ धरू. मिथेनच्या क्रियेला १ किलो हायड्रोजनमागे नुसती रासायनिक गरज म्हणून ५.७ युनिट उष्णता लागते. वाफ करणं, गळती वगैरे धरून प्रत्यक्षात ८ युनिट धरू. ८ गुणिले ०.७ म्हणजे ५.६ किलो. वाचवायला निघालो होतो ४ किलो. म्हणजे ग्रिडची वीज जोडली तर एकूण ११ किलोच्या वर जातो आणि जुनी ज्वाळाच बरी ठरते. अगदी एक युनिटही वाया न घालवणारं यंत्र कुणी बनवलं, तरी ५.७ युनिटांचे ४ किलो होतात; हाती शून्य. तुमची शंका रास्त आहे, आणि आजच्या ग्रिडपुरतं तिचं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे.

मग पाण्याचंच विजेने विघटन करावं, असं कुणी म्हणेल. ती वाट चांगली आहे, पण तिची भूक मोठी आहे: १ किलो हायड्रोजनला ५० युनिटांच्या वर. ग्रिडच्या विजेवर त्याचे ३५ किलो कार्बन डायऑक्साइड होतात, म्हणजे आजच्या कारखान्याच्या साडेतीन पट. सौर विजेवर मात्र जवळजवळ शून्य. दोन्ही वाटांवर सौर विजेचं एक युनिट किती काम करतं ते पाहा. रिफॉर्मरला दिलं तर ते अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड वाचवतं. पाण्याच्या विघटनाला दिलं तर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आणि हायड्रोजनचा नाद सोडून तेच युनिट ग्रिडमध्ये सोडलं आणि त्यामुळे कोळशाचं एक युनिट कमी झालं, तर जवळजवळ १ किलो.

माझ्या मते हायड्रोजनवरच्या चर्चेत हा शेवटचा आकडा सर्वांत आधी सांगायला हवा. ज्या वेळी कोळशाची केंद्रं चालू आहेत त्या वेळी सौर विजेचं उत्तम काम म्हणजे कोळसा कमी करणं. हायड्रोजनची पाळी येते ती दुपारी सूर्य माथ्यावर असतो आणि वीज घ्यायला कुणी नसतं तेव्हा. आणि तिथे लवकर तापणारी, लवकर थांबणारी नळी मोठ्या भट्टीपेक्षा उजवी ठरते.

थळसारख्या कारखान्यात हे बसेल का? मला वाटतं, हायड्रोजनच्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यापेक्षा युरियाच्या कारखान्यात ते आधी बसावं, आणि याला भक्कम कारण आहे. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतोच: १ टन युरियाला सुमारे पाऊण टन. मिथेनमधून निघणारे ते ५.५ किलो इथे टाकाऊ नाहीत, तो कच्चा माल आहे. कारखाना तो वायूप्रवाहातून धुऊन वेगळा काढतो आणि युरियाकडे पाठवतो. धुराड्यातून वर जातो तो ज्वाळेचा. म्हणजे विजेची आच नेमका तोच भाग छाटते ज्याचा कारखान्याला उपयोग नाही. उलट निव्वळ पाण्यापासूनचा हायड्रोजन आणला तर अमोनिया होईल, पण युरियासाठी कार्बन डायऑक्साइड कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहतो. हेही सांगायला हवं की शेतात पडलेला युरिया काही दिवसांत विघटित होतो आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. त्यामुळे याला कायमची साठवण समजू नये.

पण वीज किती लागेल? मूळ क्षमतेचे दोन्ही संच धरले तर रोजचा अमोनिया २,७०० टन, त्यात हायड्रोजन सुमारे ४७५ टन. ८ युनिटांचा दर लावला तर अखंड १६० मेगावॉटच्या आसपास. डहाणू केंद्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. अमोनियाच्या कारखान्यात थोडी उष्णता दुसऱ्या रिफॉर्मरमध्ये हवा सोडून आतच मिळवतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल. पण ही वीज चोवीस तास लागणार, कारण पुढचा अमोनियाचा संच दुपारी चालू, रात्री बंद असा चालवता येत नाही. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही: ज्वाळेची उष्णता नळ्यांत निम्मीच शिरते. उरलेल्या निम्म्या उष्णतेवर वाफ होते, आणि त्या वाफेवर कारखान्याचे मोठे कॉम्प्रेसर फिरतात. ज्वाळा विझवली की त्यांनाही वीज द्यावी लागेल. म्हणून जुन्या कारखान्यात सगळं एकदम बदलण्यापेक्षा भट्टीच्या जोडीला विजेचा छोटा संच लावून थोडा भार त्याच्यावर घेणं शहाणपणाचं.

मोठ्या प्रमाणावर नळ्या विजेने तापवता येतात का, याचं उत्तर जर्मनीत शोधलं जातंय. लुडविग्सहाफेनला बीएएसएफ, सॅबिक आणि लिंडे यांनी २०२४ मध्ये एकूण ६ मेगावॉटच्या विजेच्या भट्ट्या सुरू केल्या. त्या हायड्रोजनच्या नाहीत, प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाच्या आहेत, पण तापमान ८५० अंशांच्या घरातलं. तिथे दोन भट्ट्या शेजारी शेजारी तपासतात: एकीत वीज थेट नळीतून जाते, दुसरीत नळ्यांभोवती हीटिंग एलिमेंट असतात. म्हणजे एक डॅनिश नळीच्या वळणाची आणि एक तुमच्या क्रॅकरच्या वळणाची. कुठली टिकते ते अनुभवाने ठरेल.

या तंत्राची सर्वांत चांगली जागा मला तरी बायोगॅसमध्ये दिसते. बायोगॅसमध्ये मिथेन असतो आणि कार्बन डायऑक्साइडही. त्यातला कार्बन पिकातून किंवा अन्नातून आलेला, म्हणजे नुकताच हवेतून घेतलेला. तिथे ते ५.५ किलो जमिनीखालचे नसतात. टॉप्सोने डेन्मार्कमध्ये फूलूम इथे आर्हुस विद्यापीठाच्या आवारात हेच करून पाहिलं: बायोगॅस, वाफ आणि विजेने तापणारी नळी, आणि पुढे त्या वायूपासून मिथेनॉल. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाच्या रसाच्या गाळापासून, दाबलेला बायोगॅस होतो. आपल्या मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनला धावगीच्या डोंगरावर जातो. त्यातला ओला कचरा वेगळा झाला तर तोही मिथेनचा साठाच. ओला-सुका वेगळा न करता हायड्रोजनची स्वप्नं पाहण्यात अर्थ नाही, हे मी तुमच्यासारख्या मिरा-भाईंदरकर वाचकाला मुद्दाम सांगतो.

नावाबद्दल एक खुलासा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ग्रीन हायड्रोजन’ची व्याख्या ठरवली: पाण्याच्या विघटनापासून किंवा जैविक मालापासून केलेला आणि १ किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड न पडणारा. नैसर्गिक वायूवरचा विजेचा रिफॉर्मर सौर विजेवर चालला तरी ५.५ किलोंवर अडतो, त्यामुळे तो या व्याख्येत बसत नाही. बायोगॅसवरचा बसू शकेल.

राहता राहिला तुमचा गाळा. क्रॅकर बदलून मिथेनचा रिफॉर्मर बसवायचा विचार करू नका. त्यात गंधक काढणं, वाफ, कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू आणि तो काढून टाकण्याची यंत्रणा, एवढं सगळं येतं, आणि पट्टी चकचकीत करायला उरलेला कार्बन मोनॉक्साइड नडतो. तुमच्यासाठी फायदा आहे तो वापर घटवण्यात. भट्टीच्या तोंडाशी जळत राहणारी हायड्रोजनची ज्योत गरजेपेक्षा मोठी आहे का ते पाहा, सील तपासा, आणि पट्टीच्या जातीला चालत असेल तर नायट्रोजनचा वाटा वाढवून बघा. मात्र भट्टी पुरेशी तापल्याशिवाय आणि नायट्रोजनने धुऊन काढल्याशिवाय आत हायड्रोजन सोडायचा नाही, हा नियम मोडू नका. महिन्याला एक किलो हायड्रोजन कमी लागला, तर आजच्या हिशेबाने १० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो आणि ५.७ किलो अमोनियाचे पैसेही.